चांदवडच्या चढावरचं टायमिंग

ही गोष्ट मी आजवर चारचौघांत काढलेली नाही. पण चहा येतोय तोवर सांगूनच टाकतो, कारण पुढेमागे ताई सांगेल तेव्हा मीठमसाला लावून सांगेल, आणि खरं म्हणजे हिला मीठमसाल्याची गरजच नाही.

माझं एक ठाम मत आहे. होतं म्हणा हवं तर. ज्या घरात गाडी आहे, त्या घरातल्या एका माणसाला तरी ती उघडता आली पाहिजे. चार वर्षं आपण इंजिनाच्या आकृत्या काढतो आणि साधा पट्टा बदलायची वेळ आली की गाडी दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करतो. याला शिक्षण म्हणायचं?

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्रीकडे टाक." मी त्यांना स्वावलंबनावर वीस मिनिटं ऐकवलं. त्यांची दुपारची पाळी होती, म्हणून सुटले.

तर दसऱ्याच्या सुट्टीत मी आमच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट स्वतः बदलला. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा. पुलींवर खुणा असतात. त्या जुळवायच्या, पट्टा चढवायचा. एक दात जरी इकडेतिकडे झाला, तरी गाडीची ताकद जाते. वरच्या पुलीवर छान पिवळा ठिपका होता, अगदी मी पाहिलेल्या व्हिडिओतल्यासारखा. जुळवला, फोटो काढला, कव्हर लावलं. गाडी चालू झाली. मला काय वाटलं असेल, विचारा.

पाच दिवसांनी ताईची चांदवडच्या एका शाळेत मुलाखत होती. विज्ञान शिक्षिकेची जागा, कायमची. दोन वर्षं ती तासिकेवर शिकवत होती. तिच्यासाठी ही जागा म्हणजे सगळं काही होतं. अकराला नावं पुकारणार. मी म्हणालो, "एसटी कशाला? मी सोडतो." आईही निघाली, देवीचं दर्शन होईल म्हणून.

पिंपळगावपर्यंत सगळं झकास. सपाट रस्त्यावर गाडी जरा मंद वाटत होती, पण ती माझ्या शांत स्वभावामुळे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग चांदवडच्या अलीकडचा चढ लागला.

तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने मान टाकली. दुसरा टाकला. पाय पार तळाला टेकलेला, आवाज विमानाचा आणि वेग बैलगाडीचा.

"सुम्या, दहा वाजून पाच झाले," ताई म्हणाली.

"पोचतोय."

"कुठे?"

मी एसी बंद केला. मग गाणी बंद केली, का ते विचारू नका. "पेट्रोलमध्ये भेसळ आहे. या देशात ग्राहक जागा झाल्याशिवाय..."

"तू पुढे बघ."

कांद्याची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॉलीवरच्या बाईने वळून आमच्याकडे बघितलं. हसली असती तरी चाललं असतं, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"वजन जास्त होतंय," मी म्हणालो.

"मला म्हणतोस का रे?" असं म्हणत आईने दार उघडलं आणि उतरून चालायला लागली. खोटं सांगत नाही, वळणावर ती आमच्या पुढे होती. आम्ही पोचलो तेव्हा ती एका गॅरेजच्या बाकड्यावर बसून पाणी पीत होती.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. तिथल्या दौलत मिस्त्रींनी इंजिन रेस करायला लावलं, मान तिरकी करून ऐकलं.

"बेल्ट कवा बदलला?"

"पाच दिवस झाले."

"कुणी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "टायमिंग एक दात हुकलंय, दादा."

"शक्यच नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मिस्त्री लोक न उघडताच निदान करतात आणि ग्राहकाला घाबरवतात, हे माझं जुनं दुखणं. मी फोटो दाखवला. व्हिडिओ दाखवला. तो पूर्ण बघा म्हणून आग्रह धरला. ताई फाईल छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मी तत्त्वासाठी भांडत होतो. त्यात तिची दहा मिनिटं गेली.

मिस्त्रींनी शेवटी कव्हर उघडलं. मी विजयाने बोट दाखवलं. "ही बघा खूण. कंपनीची."

त्यांनी ठिपका नखाने खरवडला. पिवळी पूड निघाली. नाकाशी नेली. मग बाजूला चिंधीने पुसलं, तर काजळीखाली कंपनीची खरी, बारीकशी खाच दिसली. बरोबर एक दात सोडून.

"आई," ते अगदी आदराने म्हणाले, "ही हळद तुम्ही लावली का?"

"मग? दसरा होता ना," आई म्हणाली. "बेल्ट आणायला गेला होता हा. मला बजावून गेला, यंत्राला पूजा नको, देखभाल हवी. म्हणून हार नाही घातला. नुसतं एक बोट लावलं. पोट उघडं होतं बिचारीचं."

मिस्त्रींनी पाना उचलला. "दादा, शिक्षण काय झालंय तुमचं?"

मी कव्हरचे स्क्रू गोळा करायला लागलो.

"मेकॅनिकल इंजिनीअर आहे," आई कौतुकाने म्हणाली. "फर्स्ट क्लासमध्ये पास."

"मिस्त्री, किती वेळ?" ताईने विचारलं. दहा पस्तीस झाले होते.

"तासभर तरी जाईल, ताई."

तिने हात करून कांद्याची एक पिकअप थांबवली, फाईल घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली आणि चढ चढून दिसेनाशी झाली. तासाचे दोन तास झाले, तोवर मी पाने हातात देत होतो. आणि हो, खाच बघत होतो.

एक वाजता आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो. गाडी चढावर अशी पळाली की मला तिचा राग आला. ताई बाहेरच उभी होती. साडीला कांद्याची टरफलं.

"पोचलीस वेळेवर?" मी काच खाली करत विचारलं.

"माझंच नाव पुकारत होते."

"मग?"

"घेतलं. सोमवारपासून या म्हणाले."

आईने तिथेच डोळे पुसले. मी सुटकेचा श्वास टाकला. "गाडीबद्दल काही बोललीस का?"

"सांगावं लागलं. साडीकडे बघून विचारलंच त्यांनी. म्हटलं, भावाने घरी इंजिन उघडलं होतं, ते चढावर बसलं. मुख्याध्यापक म्हणाले, भाऊ करतो काय? म्हटलं, इंजिनीअर आहे."

"बरं, मग?"

"त्यांनी शाखा विचारली." ताईने पदरावरचं एक टरफल झटकलं. "मी सिव्हिल सांगितलं."

मी आईकडे पाहिलं. ती तरी माझी बाजू घेईल, असं वाटलं होतं.

"बरं केलंस गं," आई म्हणाली.