उतरलेलं वजन
स्पिरिटच्या कापसाचा वास आला की मला शिर्डीतल्या आमच्या घरातली एक रविवारची दुपार आठवते. नवऱ्याला साखर होती, वजनही फार वाढलं होतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं होतं. ते मीच त्यांच्या पोटात टोचायचे. वर्षभरात वीस किलो उतरले, लग्नातला कोट पुन्हा अंगाला बसला. सुटलेल्या पोटाला लाजून दूर झोपणारा माझा माणूस आता जवळ येईल, असं मी धरून चालले होते. त्या दुपारी खालचं आमचं प्रसादाचं दुकान थोडा वेळ बंद होतं, घरात दोघंच होतो, आणि खालून गुलाबाच्या हारांचा उग्र गोड वास वर येत होता. सुई काढल्यावर मी हात तसाच त्यांच्या पोटावर ठेवला. त्यांनी तो हळूच उचलून बाजूला केला. "माझं काही चुकलं का?" मी विचारलं. "तुझं न्हाई गं," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "जेवनावरची वासना गेली, तशी हीपन गेली. आता आठवतसुद्धा न्हाई." दवाखान्याच्या पुढच्या खेपेला धीर करून मीच डॉक्टरांना विचारलं. "वजन उतरल्यावर बऱ्याच जणांचं सुधारतं, काहींची इच्छा मात्र जाते," ते म्हणाले आणि त्यांनी औषध बदललं. साखर चढली, पोट परत सुटलं, इच्छा काही आली नाही. शेवटी तेच इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. त्यांची तब्येत आता चांगली आहे. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि माझी इच्छा अजून गेलेली नाही, हे मी कुणाला सांगू?