ओल्या पुळणीवरचे पाय

माझ्या धाकट्या भावाचा पाय का सुधारला नाही, असं कोणी विचारलं की मी आजवर ‘ताप फार वाईट होता’ एवढंच सांगत आलो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला खोटं पाडणारं आता घरात कोणी उरलं नाही, तेव्हा लिहितो.

तो पाच वर्षांचा होता. तापातून उठला तो डावा पाय लुळा घेऊनच. वडील मुंबईला नोकरीत. गावच्या वैद्यांनी सांगितलं, सकाळी उंडीचं तेल चोळा आणि संध्याकाळी समुद्रावर ओल्या पुळणीवरून चालवा. वाळू पायाखालून सरकते, तिच्यावर तोल धरताना पायात जोर येतो. तेल आई चोळायची. चालवणं माझ्याकडे आलं.

पहिले काही दिवस मी त्याला खरंच चालवलं. पलीकडे माझे सोबती आट्यापाट्या खेळत. “काय रे, आज पालखी कुठवर?” म्हणून ओरडत. एका संध्याकाळी मी त्याला उंडीच्या झाडाखाली बसवलं, “आलोच” म्हटलं आणि खेळायला पळालो. मग ते रोजचंच झालं. अंधार पडायच्या आत त्याचे पाय लाटेत भिजवायचे, वाळूत घोळवायचे आणि त्याला पाठुंगळी घेऊन घरी न्यायचं.

पाय धुताना आई त्याला विचारायची, “कुठवर गेलात रे?”

“खाडीच्या तोंडापर्यंत.”

“अगं बाई! दमला नाहीस?”

“दादा गोष्ट सांगत होता. कळलंच नाही.”

आणि तो ती गोष्ट सांगायचा. आगबोटीत चोरून शिरलेल्या कोल्ह्याची, नाहीतर मीठ चोरणाऱ्या खेकड्याची. मी त्यातली एकही सांगितलेली नव्हती. झाडाखाली एकटा बसून तो त्या रचायचा आणि माझ्या नावावर घालायचा. खोटं बोल, असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

शिमग्यानंतर वैद्यांनी पाय दाबून पाहिला. “नीट चालवत नाही वाटतं?”

“थोरला एक दिवस चुकवत नाही हो,” आई म्हणाली.

भाऊच म्हणाला, “मीच आळस करतो.”

त्या दिवसापासून आई त्यालाच बोलू लागली.

पुढे मीही मुंबई गाठली. तो काठी घेऊन गावातच राहिला. आई गेल्यावर त्या घरात तो एकटाच होता. एका गणपतीला आम्ही दोघे पुळणीवर गेलो. उंडीच्या झाडाशी तो टेकला आणि हसून म्हणाला, “आज तू सांग की एखादी गोष्ट. तुझ्या सगळ्या मीच सांगून टाकल्या.”

‘मी तुला चालवलं नाही रे, मला क्षमा कर.’ एवढंच म्हणायचं होतं. पुढच्या गणपतीला तो नसणार, हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, “भरती लागली. चल, परत फिरू.”