डफाच्या दोरीच्या सदतीस गाठी

आंबवड्याच्या कुंडलिकाला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. पण कवन रचावं तर त्यानंच! बैलामागं चालताना एक ओळ जमायची, बांधावर टेकल्यावर दुसरी, आणि दिवस कलायच्या आत सगळं कवन तोंडपाठ. कवन पुरं झालं की तो डफाच्या दोरीला एक गाठ मारी. सन चौतीसच्या शिमग्यापर्यंत अशा सदतीस गाठी झाल्या होत्या. किकवीपासून वेल्ह्यापर्यंतच्या जत्रांत लोक त्याला ओळखत, कारण प्रत्येक कवनाची शेवटची ओळ 'कुंडलिक म्हणे' अशी उठायची.

कवनं वहीत उतरवायचं काम ज्ञानूचं. ज्ञानू त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. मोठ्या लढाईत पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला जाऊन आला, तिथंच लिहायवाचायला शिकला. एक सांगायचा, एक लिहायचा. बारा वर्षं असं बिनबोभाट चाललं होतं.

मग एक दिवस शाळेचे आनंदराव मास्तर निरोप घेऊन आले.

"शाहीर, पुण्यात एक गृहस्थ पुस्तक काढतायत. आज हयात असलेल्या कवींची चरित्रं आणि त्यांची कवनं. तुमची वही मागितलीय. अट एकच. शेवटच्या ओळीत ज्याचं नाव, कवन त्याचं."

कुंडलिक फुलून गेला. मास्तर उंबऱ्याबाहेर पडले आणि त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"अवं, वहीत नाव कुणाचं हाय?"

"माझंच की."

"कुणी सांगितलं?"

"ज्ञानूनं."

"ज्ञानू भावजींनीच?" तिनं भाकरी उलटली. "परवा ताक द्यायला गेलते. वहीत लिव्हत व्हते, आन् तोंडानं गुणगुणत व्हते. मला बघितलं, तशी वही मांडीखाली."

झालं. भाकरी गोड लागेना. बारा वर्षं! आपण तोंडानं 'कुंडलिक म्हणे' म्हणत होतो, त्यानं खाली काय लिहिलं ते देवाला ठाऊक.

तो तसाच ज्ञानूच्या अंगणात गेला. "वही दे."

"कशाला रं? वाचायला शिकलास व्हय?"

"पुण्याला धाडायचीय."

"उद्या देतो. एक पान सुकायचंय."

"कसलं पान? शिमग्यापास्नं म्या तुला काय सांगितलंच न्हाई."

ज्ञानूची नजर खाली गेली. "जुनं फाटलेलं उतरवत व्हतो," म्हणाला, आणि वही मुकाट पुढं केली. कुंडलिकानं ती खालची नजर पक्की मनात ठेवली.

आता वाचून कोण देणार? मास्तर? मास्तरांना त्याची कवनं पाठ होती. वहीत दुसरं नाव असलं तरी सवयीनं 'कुंडलिक'च म्हणतील. शिवाय ज्ञानूच्या ओट्यावर त्यांची रोजची बैठक. छे! ज्यानं आपलं तोंड पाहिलं नाही, असा माणूस हवा.

बाजाराच्या दिवशी वही काखेत मारून, डफ खांद्याला अडकवून तो भोरला गेला. कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा एक चष्मेवाला बसलेला असे.

"नाव?"

"हैबती," कुंडलिकानं बेधडक ठोकून दिलं. "वही माझ्या पाव्हण्याची. शेवटच्या वळीत कुणाचं नाव हाय, तेवढं सांगा. आन् बोट ठेवून दावा."

चष्मेवाल्यानं पहिलं पान पाहिलं. "कुंडलिक. हे बघा, इथं."

कुंडलिक त्या नावाकडं बघतच राहिला. म्हणजे मी असा दिसतो! त्यानं आकार डोळ्यांत भरून घेतला आणि नीरा नदीच्या काठी जाऊन बसला. एकेक पान उलटायचं, शेवटच्या ओळीत तो आकार शोधायचा, सापडला की डफाच्या दोरीची एक गाठ बोटाखालून सरकवायची. सगळीकडं तोच होता. जीव भांड्यात पडला.

पण गाठी संपल्या आणि वही संपली नाही. दोन कवनं उरली. त्यांतही 'कुंडलिक'!

तो धावत परत आला. "हे वाचा. सगळं."

चष्मेवाल्यानं घसा साफ केला.

"खारं पाणी ओंजळीत, गोडी कुठं गं राहिली,
कुंडलिक म्हणे वाळूत म्या नीरा वाहताना पाहिली."

दुसरं कवन होतं पलटणीत मेलेल्या गड्याचं.

दहा मैल चालून तो ज्ञानूच्या दारात उभा राहिला. अंगाची लाही झालेली.

"मी कवा रं गेलो बसऱ्याला? पुस्तकात छापून येणार, आन् सारा मुलूख हसणार, कुंडल्यानं किकवी-वेल्ह्याच्या पलीकडं पाय टाकला न्हाई आन् खारं पाणी प्याला! माझी फजिती करायची व्हती तुला?"

"फजिती न्हाई रं."

"मग?"

"माझं नाव घातलं तर कोण म्हणणार?" ज्ञानू वहीकडं बघत म्हणाला. "तुझ्या नावानं का व्हईना, डफावर चढलं असतं."

"किती दिस मनात व्हतं हे?"

"सतरा वरसं."

कुंडलिकानं ओट्यावर बसकण मारली.

"ती नीरेची वळ. म्हणून दाव."

ज्ञानूनं म्हटली. आवाज फाटका होता. कुंडलिकानं डफ घेतला, दोनदा थाप टाकून पाहिली, मग बाजूला ठेवला.

"बरी हाय," तो घुश्शातच म्हणाला. "माझ्यापेक्षा बरी हाय, म्हणून तर राग येतुया. काढ माझं नाव. तुझं घाल. दोन्हीकडं."

ज्ञानूनं खोडलं, लिहिलं. कुंडलिकानं वही उजेडात नेऊन पाहिली. आपला आकार तिथं नव्हता, एवढं त्याला कळलं. पण त्या जागी आलाय तो ज्ञानूच कशावरून? हा गडी दुसऱ्याचं नाव घालण्यात पटाईत!

पुढच्या बाजाराला तो पुन्हा भोरच्या कचेरीबाहेर हजर.

"बोला हैबती," चष्मेवाला म्हणाला. "आता काय?"

"ही दोन पानं. नाव कुणाचं?"

"ज्ञानू. दोन्हीकडं ज्ञानू."

"पक्कं?"

"अहो पक्कं! पण तुमचा हा पाहुणा कुंडलिक, चांगला रचतो हो. कोण हा?"

कुंडलिकानं वही आपल्याकडं ओढली, पहिलं पान उघडलं आणि शेवटच्या ओळीवर, न चुकता, स्वतःचं बोट ठेवलं.

"हितं लिव्हलंय बघा," तो म्हणाला. "ह्यो मी."