मिठागरातला अंगठा

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या घरी सरकारी खर्चाने सेविका पाठवायची एक योजना आहे. आमच्या भागात तिची देखरेख माझ्याकडे होती. सेविका येऊन गेली की वहीत त्या माणसाची सही किंवा अंगठा घ्यायचा, एवढा साधा नियम.

सगळा जन्म मिठागरात राबलेल्या एका आजींच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाय, महिना झाला, कोन येत नाय." वहीत मात्र रोजचा अंगठा होता. मी बैठकीत विचारलं, तर सेविका पुरवणारा ठेकेदार सगळ्यांसमोर हसला. "मॅडम, म्हातारीला काही आठवत नाही. कुणाचं काय ऐकत बसता?"

ते हसणं माझ्या डोक्यात बसलं. आजींकडे मी दुसरी सेविका लावली आणि गप्प राहून पुढच्या बैठकीची वाट पाहिली.

त्या दिवशी आजींच्या अंगठ्याचा ताजा ठसा मी वहीशेजारी ठेवला. नुसता निळा डाग. मिठाने त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच खाल्ल्या होत्या. वहीतल्या ठशांत रेघ न् रेघ दिसत होती. शाईचा पॅड ठेकेदारापुढे सरकवून मी म्हटलं, "आता तुमचा द्या."

त्याने हात टेबलाखाली घेतला.

ठेका गेला. आगाशीच्या बाजारात तो अजून दिसतो. मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहते आणि तो अंगठा मुठीत लपवेपर्यंत हलत नाही.