साडूभाऊंची पोलादी रेसर

माझ्या साडूंनी जन्मात कशावर विश्वास ठेवला असेल तर तो फक्त पोलादावर, आणि तोही आधी लोहचुंबक लावून बघितल्यावर. हे लोहचुंबक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असतं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी जेवायला स्टीलची नवी ताटं काढली, तेव्हा साडूभाऊंनी सगळ्यांदेखत ते खिशातून काढून ताटाला लावलं. ते चिकटलं नाही. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ह्यात पोलाद न्हाई पाव्हणं. मला फसवलं तसंच तुमाला फसवलंय. आता तरी डोळे उघडे ठेवा." चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटतच नाही, हे त्यांना सांगायची मांडवात एकाचीही छाती झाली नाही. सासरे त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत.

पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. माणसाची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली म्हणजे दुसरं काय होणार? उसाच्या मोळीत दगड घालणारे त्यांनी बघितले, भरल्या गाडीवर पोतं पांघरून झोपलेला गाडीवानाचा मेहुणा त्यांनी वजनासकट खाली उतरवला. संध्याकाळी घरी आलं तरी त्यांच्या डोळ्यांतला काटा काही थांबत नसे. भाजीवालीच्या तागडीखाली ते वाकून बघत. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की "परत लावा" म्हणत. बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, चहात साखर घातली असं सांगितलं तरी आधी चमचाभर पिऊन बघत आणि मगच कप उचलत.

अशा माणसाला जुन्या रेसर सायकलींचा नाद लागला. बीडमधल्या एका भंगारवाल्याकडं गंजून लाल झालेल्या दोन सायकली पडल्या होत्या. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, नळ्या बोटाएवढ्या बारीक, पण अस्सल पोलाद. लोहचुंबक फ्रेमला असं काही चिकटलं की साडूभाऊंना ते सोडवावं लागलं. तरीही भंगारवाला इतका चांगला माल का विकतोय, याचा त्यांना संशय आलाच. म्हणून साक्षीला त्यांनी कारखान्याच्या जीपवरच्या ड्रायव्हरला नेलं. हा ड्रायव्हर आष्टीकडचा, उंचापुरा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. साक्षीला गेलेला हा गडी दुसरी सायकल स्वतःच घेऊन बसला. दोन्ही सायकली एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, अगदी जुळ्या बहिणी.

त्यानंतर मेहुणीच्या स्वयंपाकघरातली चिंच नाहीशी होऊ लागली. साडूभाऊ सुट्टीचा दिवसभर दारातल्या ओट्यावर बसून चिंचेच्या कोळानं आणि राखेनं रिमांचा गंज काढत. नवा रंग ते लावत नसत. वरचा रंग ब्लेडनं खरवडून खालचा मूळ रंग शोधत, आणि तो दिसला की गुप्तधन सापडल्यासारखे आजूबाजूला बघत. चाकांतले छर्रे शिवणयंत्राच्या तेलात बुडवत. सुट्ट्या भागांवर परात उपडी घालून ठेवत, कारण शेजाऱ्यांची नजर चांगली नाही. सायकल उभी राहिली तेव्हा चाकं अशी फिरत की बोटानं ढकललेलं चाक आमचा चहा संपेपर्यंत थांबत नसे. आणि आमच्या घरात त्या वर्षभर कुणी आंबट आमटी खाल्ली नाही, कारण मेहुणीनं आमचीही चिंच उसनी नेली होती.

सायकल तयार झाल्यावर खरी काळजी सुरू झाली. कुठंही गेले की साडूभाऊ सीट काढून बरोबर घेत. पुतणीच्या लग्नात ते मांडीवर सीट घेऊन बसले होते आणि अक्षतासुद्धा त्यांनी एकाच हातानं टाकल्या. शिवाय पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो, कुणी बदलू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला कानशीनं बारीक खाच पाडून ठेवली. ती खाच कुठं आहे हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला मात्र दाखवली, आणि दाखवल्यावर आठवडाभर माझ्याकडं संशयानं बघितलं.

रविवारी पहाटे दोघं कपिलधारच्या रस्त्याला लागत. पायजम्याला सुतळी बांधलेली, डोक्याला पंचा. पुढं ड्रायव्हर आणि मागं साडूभाऊ, हा क्रम ठरलेला. "पाठीमागं मानूस ठेवायचा न्हाई," असं साडूभाऊंचं तत्त्व होतं. त्यामुळं सगळं वारं ड्रायव्हर छातीवर घेई आणि साडूभाऊ त्याच्या आडोशानं आरामात चढ चढत. ड्रायव्हरनं याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. ऊस नव्हता म्हणून कारखान्याचं धुराडं थंड पडलं, आणि टँकर आला की रस्त्यानं घागरी पळू लागल्या. पाण्यानं सायकल धुवायची सोयच नव्हती. रॉकेलही जपून वापरायचं. तेव्हा साडूभाऊंनी ठरवलं की दोन्ही सायकली एकदमच खोलायच्या आणि एकाच घमेल्यात धुवायच्या. ड्रायव्हरला त्यांनी हात लावू दिला नाही, कारण तो ग्रीस कुठलं वापरेल याची खात्री नव्हती. स्वतःच खोलल्या, स्वतःच धुतल्या, स्वतःच जोडल्या.

पुढच्याच रविवारी ड्रायव्हरची सायकल कपिलधारला पंक्चर झाली. त्यानं ती उलटी केली आणि साडूभाऊंना तिच्या चिमट्यावर आपली खाच दिसली. परतताना ते त्याच्या आडोशाला नव्हते, बरेच लांब मागं होते.

माणूस शहाणा असता तर त्यानं घरी जाऊन विचारलं असतं. साडूभाऊ थांबले ते थेट कारखाना कामगारांच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत. अहवाल वाचून झाला, सगळ्यांनी न ऐकता मंजूर केला, आणि अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय निघाले. साडूभाऊ उभे राहिले. "सभासद ड्रायव्हर ह्यांनी माझ्या सायकलचा चिमटा बदलून घेतलाय. सभेनं इचार करावा."

ड्रायव्हर सावकाश उठला. "मी?" एवढंच म्हणाला आणि चप्पल शोधून निघून गेला. सहकारात कुठल्याही प्रश्नाला असतं तेच उत्तर अध्यक्षांनी दिलं, म्हणजे तिघांची चौकशी समिती नेमली. मीही पतसंस्थेचा सभासद आणि वर त्यांचा साडू, म्हणून की काय, तिच्यात मीही होतो.

समिती साडूभाऊंच्या ओट्यावर बसली. दोन्ही सायकली समोर उलट्या. आम्ही गंभीर चेहऱ्यानं खाच बघत होतो, तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली. "कशाची चौकशी करताव? दोनी सायकली एकाच घमेल्यात ह्यांनीच धुतल्या की! कोनाचं कोनाला लावलं ते ह्यांना तरी कळलं का?"

साडूभाऊंनी चहा न चाखताच घेतला. त्या वेळी मला त्यांची फार कीव आली. ड्रायव्हरची सायकल समितीनं परत नेऊन दिली, पण तो काही रविवारी येईना. साडूभाऊ एकटेच जात आणि अर्ध्यातून परत येत. "वारं लई हाय पाव्हणं," असं म्हणत ते दम खात बसत. या माणसाला अख्ख्या जिल्ह्यात एकच मित्र होता आणि तो त्यांनी भर सभेत गमावला होता. ते रात्री नीट झोपत नाहीत, असं मेहुणी सांगायची.

शेवटी एका सकाळी ते पाना घेऊन ड्रायव्हरच्या दारात गेले. मला बळंच बरोबर नेलं. माफी मागणं त्यांना येतच नव्हतं. ते नुसतं म्हणाले, "तुझा चिमटा बदलून द्यायला आलोय."

ड्रायव्हरनं त्यांच्या हातातल्या पान्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या. चांगला चालतोय. उगं उघडझाप कावून करताव?" आणि आत वळून त्यानं दोन चहा सांगितले. मी धरून तिघं होतो, पण ते असो. पुढच्या रविवारी पुढं ड्रायव्हर आणि मागं साडूभाऊ असे दोघं पुन्हा निघाले, आणि मग कितीतरी वर्षं निघत राहिले.

मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर गेला. झोपेतच गेला, कुणाला काही न सांगता. दहावा आटोपून साडूभाऊ रेसरवरूनच माझ्याकडं आले. सायकल फाटकाला टेकवली, सीट तशीच ठेवली, कुलूप लावलं नाही.

"साडूभाऊ, कुलूप?" मी विचारलं.

"असू द्या. कोन नेतंय."

हे ऐकून माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडं बघत राहिली. दारात भाजीवाली आली, तर त्यांनी तिच्या तागडीकडं मान वळवून बघितलं नाही. समोर ठेवलेला चहा साय धरून गार झाला. त्यांनी कुणावर तरी, निदान माझ्यावर तरी, संशय घ्यावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

निघताना त्यांनी सायकल हातात घेतली तर पुढचं चाक बसलेलं. ट्यूब जुनी, आपोआप हवा गेली असणार. त्यांनी अंगठ्यानं टायर दाबला, पुन्हा दाबला. मग सावकाश मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"हवा कुनी काढली, पाव्हणं?"

मी चाकाला हातसुद्धा लावला नव्हता.

"मी काढली," मी म्हणालो.

"कावून?"

"सहज. गंमत म्हणून."

"मला म्हाईतच व्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज दहा दिवसांत पहिल्यांदा जाग्यावर आला. मी पंप आणायला आत गेलो. ते पाठोपाठ आले, आणि मी कोणता पंप काढतो ते उंबऱ्यात उभं राहून बारकाईनं बघत राहिले.