खुंट्या वृंदा विसरली नव्हती

आधी एक दुरुस्ती. मागच्या आठवड्यात कॅम्पिंगच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की टेन्टच्या खुंट्या वृंदाकडून घरी राहिल्या. ते खरं नाही. वृंदाने त्या सॅकमध्ये भरल्या होत्या... मी काढल्या.

ती पोस्ट मी डिलीट करणार नाही. लहानपणी दम्यामुळे चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आणि आईचा नियम होता की चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. म्हणून हे खाली लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... वृंदा माझी पिंगुळीची मैत्रीण. आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं सगळं सामान ती दोन वर्षं सांभाळते. माझा हा पहिलाच कॅम्प, म्हणून आदल्या दिवशी ती मुद्दाम मालवणला आमच्या घरी आली. ओटीवर चादर पसरून यादीप्रमाणे एकेक वस्तू ठेवली, टिक केली आणि माझी सॅक भरून दिली. एकाच टेन्टचं सामान दोघींत वाटलेलं. कापड आणि दांडे तिच्याकडे, खुंट्या आणि दोऱ्या माझ्याकडे.

ती गेल्यावर मी सॅक वजन करायला घेतली. ग्रुपच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, आठ किलोच्या वर नको. बाबांचा मासळीचा ताणकाटा खांबाला अडकवला, त्याला सॅक लावली. साडेआठ.

मग मी सगळं बाहेर काढलं. दोन इनहेलर होते, एक पुरला असता... पण काढवेना. आईने दिलेले तीन टॉवेलही काढवेनात. शेवटी हात लोखंडी खुंट्यांच्या पिशवीवर गेला. अर्ध्या किलोच्या थोडी वरच.

आता हे का केलं ते सांगते. बाबा रापणीवर असतात, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढणाऱ्यांत. वाळूत खुंटी टिकत नाही, हे मी त्यांच्याकडून पाढ्यांच्याही आधी शिकले. तिथे रिकाम्या पिशवीत वाळू भरून ती पुरतात आणि दोरी तिला बांधतात. मांडव कितीही वाऱ्यात हलत नाही. मेसेजमध्ये 'दोडामार्गजवळ, नदीकाठी' असं होतं. नदीकाठ म्हणजे वाळू, असं मी धरून चालले. खुंट्या कपाटात ठेवल्या, त्यांच्या जागी तांदळाच्या चार रिकाम्या पिशव्या घातल्या. वजन आठच्या थोडं खाली आलं... आणि मी स्वतःवर खूश झाले.

नदी होती, पण खाली, बरीच लांब. आमची जागा काजूच्या बागेत. लाल, कडक माती, वाळूचा कणही नाही.

टेन्ट लावायची वेळ झाली आणि दादांनी, म्हणजे आमच्या ग्रुपलीडरनी, खुंट्या मागितल्या. वृंदाने माझ्याकडे पाहिलं. मी सॅकमध्ये हात घालून शोधत राहिले. काहीच नाही तिथे हे मला माहीत होतं, तरी शोधत राहिले... पिशव्यासुद्धा वर काढल्या नाहीत.

मग वृंदा म्हणाली, "माझ्याकडूनच राहिल्या असतील."

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

दुपारनंतर वारा सुटला आणि टेन्ट आडवा झाला. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "वृंदा, डोक्या तरी हाडलंस मा?" म्हणजे, डोकं तरी आणलंस ना. बागेच्या मालकांनी आम्हाला त्यांच्या पडवीत जागा दिली. घरी येऊन मी तेच गमतीने लिहिलं, आणि कमेंटमध्ये तुम्ही तिला 'खुंटीताई' केलंत. मी त्यावर हसण्याचे इमोजी टाकले... तीही माझीच चूक.

गुरुवारी ग्रुपवर दादांचा मेसेज आला. पुढच्या कॅम्पला शाळेची मुलं येणार आहेत, तर सामान या वेळी दुसऱ्या कोणाकडे देऊ, मीटिंगमध्ये ठरवू. वृंदाने अंगठा टाकला. हेच काम पुढे पोटापाण्यासाठी करायचं तिच्या मनात आहे, हे मला एकटीलाच माहीत आहे.

बाबांना सगळं सांगितलं. ते जाळं विणत होते, वर न बघता म्हणाले, "मी रेवेचा सांगललंय गो, काजीतला खंय?" वाळूचं सांगितलं होतं, काजूच्या बागेतलं कुठे.

काल वृंदाला फोन केला. मी पाठ केल्यासारखं एका दमात बोलले. ती म्हणाली, "सॅक मीच भरलंय. माका म्हायत नसतला?"

तिला तिथेच कळलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस...

"तुजा तोंड बघलंय नि गप रवलंय. थंय रडलं असतंस तर परत कधी इलं नसतंस."

म्हणजे पहिल्यांदाच घराबाहेर राहायला आलेली मी तिथे रडले असते तर परत कधी आले नसते, म्हणून तिने तो दोष घेतला, आणि मी तो तिच्याकडेच राहू दिला. वर पोस्ट लिहिली. आता ती म्हणते, जाऊ दे, लोक विसरतील. लोक विसरतीलही... पण सामान दुसऱ्याकडे गेलेलं असेल.

दादांना मेसेज करून भागेल, असं आई म्हणाली. मला ते पटत नाही. गप्प बसले ती अकरा जणांसमोर, तर बोलायचंही त्यांच्यासमोरच. मला चारचौघांत बोलायची भीती वाटते, आवाज जातो, म्हणून इथे आधीच लिहून ठेवते आहे... म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मीटिंग कुडाळला आहे. येत्या रविवारी, सकाळी दहा वाजता.