घराची पूर्व

वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या मॅडम गच्चीवर खडूनं गोल आखताना दिसल्या, तेव्हा मी जिन्यातूनच ओरडलो, "काय चाललंय तिथं?"

आमच्या गल्लीत कुणी जमिनीवर खूण करायला लागलं की मी आधी जाब विचारतो. खूण करणारे गोड बोलून जातात, मागून घरं पाडायचं मशीन येतं. बायको गेल्यापासून तर मला कुणाचाच भरवसा राहिला नाय. सव्वा वर्षात जो आला तो मला काहीतरी समजवायलाच आला.

"बाबा, पूर्व शोधतेय," मॅडम म्हणाल्या. "पोरींना वर्गात शिकवायचंय, आधी स्वतः करून बघते."

"पूर्व हरवली का? ती काय, दाराकडं."

"कशावरून?"

"घर मी बांधलंय, त्यावरून."

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. शाळा चौथीपर्यंत, पण काटकोन बघायचा गुण्या आणि ओळंबा हातात असताना मला कुणी फसवलं नाय. मुकुंदवाडीत ही जागा घेतली तेव्हा सगळं मोकळं रान होतं, घराचं तोंड कुठंही करता आलं असतं. पौषाच्या थंडीत पहाटेच जाऊन बसलो. सूर्याची कड वर आली तशी खुंटीवरून दोरी थेट तिच्याकडं ताणली आणि चुना मारला. दार त्याच दोरीवर. यापेक्षा इमानदार पूर्व कुठली?

बायको म्हणायची, घर तिरकं हाय. राहायला आल्यावर वर्षाच्या आत म्हणाली आणि शेवटपर्यंत म्हणत राहिली. "चैत्रात ऊन दारातून सरळ येत नाय, बाजूनं घुसतं."

मी म्हणायचो, "सूर्य हलतो, घर हलत नाय."

एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, "गावाची घरं सरळ बांधली, आमचंच तेवढं वाकडं ठेवलं." पाहुणे हसले. मी ताट सरकवून उठलो. तिला म्हणालो, पुन्हा हा विषय काढलास तर या घरात राहू नको. पुढं दोन दिवस चूल चालू होती, तिचं तोंड बंद होतं.

म्हणून त्या गोलाकडं बघून मला भलताच शक आला. शेवटी शेवटी हिचं नि मॅडमचं लई जमायचं. हिनंच सांगून ठेवलं असंल, म्हाताऱ्याला एकदा खोटं पाडा म्हणून. खरं काय ते मला कळायला पाहिजे होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं. ती खरी निघाली, तर मी तिला एवढी वर्षं उगाच गप्प बसवत आलो होतो.

"काठी वाकडी हाय तुमची," मी म्हणालो. खालून ओळंबा आणला आणि गोलाच्या मधली काठी स्वतः सरळ केली.

रीत सोपी होती. सकाळी सावली लांब, गोलाच्या बाहेर. ऊन चढतं तशी ती आखडते. तिचं टोक गोलाला टेकलं की तिथं खूण. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते, दुसऱ्या बाजूनं गोलाला टेकते, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ.

"का म्हणून?"

"सूर्य जसा चढतो तसाच उतरतो. सावली सारखी, म्हणजे सूर्याची उंची सारखी."

"कमानीसारखं. दोन्ही पाय एका लेव्हलला."

"अगदी तसंच."

"मग उगवतीला दोरी धरली की झालं की. दिवसभराचा उपद्व्याप कशाला?"

"उगवती रोज सरकते, बाबा. वर्षातून दोनच वेळा अगदी पूर्वेला असते. उन्हाळ्यात उत्तरेकडं जाते, थंडीत दक्षिणेकडं. तुम्ही पाया कधी आखला होता?"

मी ओळंबा उचलून काठी पुन्हा तपासली.

जेवायलाही खाली गेलो नाय. माझी पाठ वळली की मॅडम खूण पुढंमागं करतील, असं वाटत होतं. दुसरी खूण मीच केली. दोन्ही खुणांवरून दोरी ताणून खडूची रेघ मारली. आखताना दाराच्या दिशेनं जाणाऱ्या बाजूच्या कठड्याशी ती समांतर जाईल, असं मला अजून वाटत होतं. रेघ कठड्यापासून सुटली आणि सुटतच गेली.

"हात ताठ धरा, मूठ वळा," मॅडम म्हणाल्या. "एक मूठ म्हणजे आभाळाचे साधारण दहा अंश. रेघेपासून दाराच्या दिशेपर्यंत मोजा."

"कुणाची मूठ? माझी गवंड्याची, तुमची खडू धरणारी."

"ज्याची मूठ मोठी त्याचा हातही लांब. फिट्टंफाट."

अडीच मुठी भरल्या. दार अडीच मुठी दक्षिणेला.

तरी मी मानलं नाय. दुसऱ्या दिवशी मॅडम कॉलेजला गेल्यावर माझी काठी, माझी दोरी, गोलही वेगळा काढला. सबंध दिवस एकटा बसलो. अडीच मुठीच.

संध्याकाळी मॅडमना जिन्यात गाठलं. "खरं सांगा, हिनं तुम्हाला घराबद्दल काही सांगितलं होतं?"

"आजींनी? नाही हो. आमचं बोलणं लोणच्यापलीकडं कधी गेलंच नाही."

हा शक फिटला, पण दुसरा सुरू झाला. हिला कळलं कशावरून? ना काठी, ना गोल. मग लासूर स्टेशनला हिच्या धाकट्या बहिणीला फोन लावला आणि सरळ विचारलं.

"अहो दाजी, चैत्रात कुरडया घालायला मी यायची ना तुमच्याकडं? गच्चीवर टीव्हीचा पाइप होता. त्याची सावली सगळ्यात आखूड झाली की आक्का म्हणायची, बघ, ही ध्रुवाकडं चालली आणि भिंत चालली भलतीकडं. दिवस मावळल्यावर ध्रुव दाखवायची, बरोबर त्याच अंगाला. आम्ही शेतात दुपार अशीच ओळखायचो."

"मग मला नाय बोलली कधी."

"कशी नाय बोलली? मी होते की तिथं. जिन्यातून हाक मारायची तुम्हाला, 'वर या, दाखवते.' आलात का तुम्ही एकदा तरी?"

"नाय," मी म्हणालो. "नाय आलो."